काटापावती अडकली : सर्व्हर म्हणतो ४२२, ॲप म्हणतं "पुन्हा प्रयत्न करतोय"

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडे एक प्रकार झाला, तो सविस्तर मांडतो. चूक माझ्या कोडमधली होती. पण तसलंच कोड मी इतरांच्याही प्रकल्पांत पाहिलंय, म्हणून धागा काढला.

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला मी खरेदीचं ॲप करून दिलंय. गावातल्या संकलन केंद्रावर माल आला की मापाडी काट्यावर वजन घेतात, ओलावा बघतात, कट्टे मोजतात आणि मोबाइलवर पावती करतात. रेंजचा भरवसा नाही, म्हणून पावती आधी मोबाइलमध्येच राहते आणि नेट आलं की एकामागून एक सर्व्हरकडे जाते. सर्व्हर पायथन भाषेत आहे, फास्टएपीआय या फ्रेमवर्कमध्ये (म्हणजे कोडचा तयार सांगाडा).

दिवाळीच्या तोंडावर आवक जोरात होती. संध्याकाळी मापाडी मामांचा फोन आला, "दुपारपासून नुसतं गोल फिरायलंय बघ. एक पावती वर जाईना. लोक पट्टी मागायलेत." सर्व्हर तर चालू होता, बाकीच्या केंद्रांच्या पावत्या येत होत्या. लॉग उघडला. त्या एका मोबाइलवरून दर तीस सेकंदांनी तीच विनंती यायची आणि सर्व्हर दर वेळी तेच उत्तर द्यायचा, ४२२, म्हणजे "विनंती समजली, पण आतली माहिती चालत नाही". मामांच्या मोबाइलला मराठी कीबोर्ड आहे. वजनाच्या रकान्यात त्यांनी देवनागरी आकडे टाकले होते आणि माझ्या तपासणीच्या पॅटर्नमध्ये फक्त इंग्रजी आकडे बसत होते.

सर्व्हरने उत्तरात सगळं लिहिलं होतं, कुठला रकाना, काय चुकलं. ॲपने ते वाचलंच नाही. दोनशेच्या घरातलं, म्हणजे यशाचं, उत्तर सोडून काहीही आलं की "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करतोय" एवढंच मी लिहून ठेवलं होतं. एक पावती अडकली आणि तिच्यामागं दुपारभरच्या सगळ्या पावत्या खोळंबल्या. वजन बरोबर, ओलावा बरोबर, तरी माणसं रात्री आठपर्यंत पट्टीसाठी केंद्रावर बसून राहिली.

त्या रात्री पॅटर्न सैल केला आणि रांग मोकळी झाली. पण मूळ दुखणं तसंच आहे. चारशेच्या घरातलं उत्तर म्हणजे "हेच पुन्हा पाठवून उपयोग नाही, आधी काहीतरी बदला" असा निरोप, असं माझं आता पक्कं मत झालंय. तो निरोप मामांपर्यंत पोचायला हवा. फ्रेमवर्कमध्ये हे एका जागी कसं बसवता तुम्ही? माझ्या दोन अडचणी आहेत. मी स्वतः चूक कळवतो तेव्हा उत्तराचं जेसन (माहिती पाठवायची ठरलेली मांडणी) एका आकाराचं येतं, फास्टएपीआयच्या तपासणीचं दुसऱ्याच. आणि पत्ता चुकला तर जे ४०४ (सापडलं नाही) येतं ते माझ्या हँडलरमधून, म्हणजे चुका हाताळणाऱ्या फंक्शनमधून, जातच नाही.


बालाघाट, अंबाजोगाई

चांगला धागा काढलात. तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तर आधी देतो, कारण तिच्यावर मी दोन दिवस घालवलेत.

फास्टएपीआय हे स्टारलेट नावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कवर उभं आहे. फास्टएपीआयचा स्वतःचा एचटीटीपी-एक्सेप्शन वर्ग आहे, तो स्टारलेटच्या त्याच नावाच्या वर्गातून निघालेला. तुम्ही हँडलर फास्टएपीआयच्या वर्गासाठी नोंदवला असणार. पण न सापडलेल्या पत्त्याचं ४०४ आणि चुकीच्या मेथडचं ४०५ हे राउटर (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जायचा ते ठरवणारा भाग) देतो, आणि राउटर स्टारलेटचा. तो बापाचा वर्ग वापरतो, तुमचा हँडलर लेकाची वाट बघत बसतो. नोंदणी स्टारलेटच्या वर्गासाठी करा, दोन्ही सापडतील. तपासणीच्या चुकांसाठी रिक्वेस्ट-व्हॅलिडेशन-एररचा हँडलर वेगळा लागतोच. दोन्हींमधून एकाच फंक्शनला बोलवा, म्हणजे आकार एकच राहील.

पहिल्या अडचणीचं मूळ असं की दोन्ही उत्तरांत 'डिटेल' नावाचीच किल्ली असते. साध्या चुकीत तिच्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतं, तपासणीच्या चुकीत यादी. मोबाइलवरचं पार्सिंग एकाच प्रकारावर बेतलेलं असलं की दुसरा प्रकार आला तेव्हा तिथंच कोसळतं.

आता अर्थाचं. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे दस्तऐवज. आरएफसी ९११० हे जून २०२२ चं दस्तऐवज आहे, एचटीटीपीचे अर्थ सगळे त्यात. त्यातला एक नियम ॲप लिहिणाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे: चारशेच्या घरातला अनोळखी आकडा आला तर त्याला ४०० (सर्वसाधारण चुकीची विनंती) समजून वागायचं. म्हणून ॲपमध्ये शंभर आकड्यांची यादी लागत नाही. ४०१ आला की पुन्हा लॉगिन. ४०८ (वेळ संपली) आणि ४२९ (फार विनंत्या आल्या) आला की थांबून पुन्हा पाठवायचं. बाकी सगळे आले की ती पावती रांगेतून बाजूला काढायची, माणसाला दाखवायची आणि पुढची पावती जाऊ द्यायची. बाजूला काढायची म्हणजे पुसायची नाही, हे दोनदा सांगतो. शेतकऱ्याच्या मालाची नोंद आहे ती.

पाचशेच्या घरातलं, म्हणजे सर्व्हरच्याच बिघाडाचं, उत्तर आलं किंवा नेटच नसलं तर मात्र रांग थांबवणं बरोबर. तिथं पावतीचा दोष नाही.


पानचक्की, छत्रपती संभाजीनगर

तुमची पावती निदान अडकली तरी. आमची गायब झाली होती.

लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क) तपासणी नापास झाली की फ्रेमवर्क आधी बघतं, समोरच्याला जेसन हवंय का. विनंतीसोबतच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये जेसन मागितलेलं असेल तर ४२२ आणि चुकांची यादी मिळते. मागितलेलं नसेल तर समोर ब्राउझरमधला फॉर्म आहे असं धरून ते ३०२ देऊन मागच्या पानावर पाठवतं. आमच्या ॲपमध्ये हेडर लावायचं राहिलं होतं. मोबाइलची लायब्ररी मुकाट्याने ३०२ च्या मागं गेली, तिथं लॉगिनचं एचटीएमएल पान मिळालं आणि त्याचा आकडा होता २००. ॲपने पावतीपुढं हिरवी खूण केली. डेटाबेसमध्ये काहीच नव्हतं. हे कळायला महिनाअखेरचा ताळा लागला, तोवर मोबाइलवरच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. ज्या दुकानदारासाठी ॲप होतं त्याने कागदी वहीही लिहिली होती म्हणून वाचलो.

तेव्हापासून एपीआयच्या सगळ्या पत्त्यांवर मी मिडलवेअरमधूनच (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो मधला कोड) ॲक्सेप्ट हेडर जेसन करून टाकतो, ॲपने लावो न लावो. आणि ॲपला नुसत्या २०० वर विश्वास ठेवू देत नाही. उत्तरात पावतीचा क्रमांक परत आला तरच खूण.

लाराव्हेलवाल्यांना अजून एक: ४१९ दिसला तर घाबरू नका. प्रमाणातल्या यादीत तो नाही, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण) शिळं झालं की लाराव्हेल स्वतः देतं.


गोदाकाठ, नांदेड

मी थोडं वेगळं बोलतो. आम्ही गेली कित्येक वर्षं सगळ्या उत्तरांना २०० देतो आणि आत 'यशस्वी' असा रकाना ठेवतो, हो किंवा नाही. कारण साधं आहे. एका ग्राहकाच्या सर्व्हरपुढं जो प्रॉक्सी (मधला सर्व्हर) होता तो आमचं ४०४ आणि ४२२ काढून त्याजागी स्वतःचं एचटीएमएल पान पाठवायचा. आमचा संदेश ॲपपर्यंत यायचाच नाही. २०० केलं, प्रश्न मिटला. मग चारशेचा एवढा आग्रह कशाला?


बालाघाट, अंबाजोगाई

गोदाकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण इलाज दुखण्यापेक्षा महाग पडतो. प्रॉक्सी एनजिनेक्स असेल तर 'प्रॉक्सी इंटरसेप्ट एरर्स' ही सेटिंग बघा. ती मुळात बंदच असते, म्हणजे कुणीतरी मुद्दाम चालू केली होती. एपीआयच्या पत्त्यांपुरती ती बंद करून घ्यायची.

सगळ्याला २०० दिलं की मधली सगळी यंत्रणा आंधळी होते. एक्सेस लॉगमध्ये सगळं हिरवं दिसतं. एकाच केंद्रावरून दिवसभर चुका यायल्यात हे आलेखावर दिसत नाही. मांजराकाठ यांनी लॉग उघडला आणि एका नजरेत ४२२ ची रांग दिसली. तुमच्या पद्धतीत त्यांना प्रत्येक उत्तराचं पोट फाडून बघावं लागलं असतं, तेही पोट लॉगमध्ये ठेवलं असेल तर. शिवाय प्रत्येक नव्या ॲपवाल्याला 'यशस्वी' रकाना बघायला शिकवावं लागतं. जो विसरेल त्याची गत पानचक्कीच्या हिरव्या खुणेसारखी.


दुधना, जालना

मी अँड्रॉइडवाली आहे, बियाण्यांच्या एका वितरकाचं ॲप सांभाळते. सर्व्हरवाले बरोबर वागले तरी मोबाइलवर तीन ठिकाणी घोळ होतो, ते सांगते.

एक म्हणजे रेट्रोफिट या विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीत चुकीच्या उत्तराचं पोट 'एरर बॉडी' म्हणून वेगळं मिळतं आणि ते एकदाच वाचता येतं. आमच्याकडे लॉग लिहिणाऱ्या ओळीने ते आधी वाचून टाकलं आणि पडद्यावर दाखवायच्या वेळी हाती रिकामी ओळ. एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग हवं तिथं वापरा.

दुसरा घोळ सगळ्यांत जास्त दिसतो. चुका पकडणारा एकच मोठा कॅच, आणि त्यात सगळ्याला "इंटरनेट तपासा". नेट तुटलं तर आयओ-एक्सेप्शन येतं, सर्व्हरने नाकारलं तर एचटीटीपी-एक्सेप्शन येतं. दोन्ही वेगळे पकडा. ४२२ आलेल्या माणसाला "इंटरनेट तपासा" सांगितलं की तो बिचारा मोबाइल घेऊन गच्चीवर चढतो. आमच्या एका विक्रेत्याने खरंच तसं केलं होतं, अर्धा तास टाकीपाशी उभा होता.

तिसरं वेबवाल्यांसाठी. ब्राउझरचं फेच (विनंती पाठवणारं फंक्शन) ४०४ किंवा ४२२ आल्यावर चूक फेकत नाही, नेटवर्कच बिघडलं तरच फेकतं. 'ओके' हा गुण स्वतः तपासावा लागतो, तो २०० ते २९९ लाच खरा असतो. ॲक्सिओस ही त्याच कामाची लायब्ररी मात्र मुळातच फेकते. एकावरून दुसऱ्यावर गेलात तर हे लक्षात ठेवा.


परभणीकर विद्यार्थी

सर, मॅडम, एक शंका. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात जँगो रेस्ट फ्रेमवर्क आहे. लॉगिन न करता विनंती केली तर ४०१ यायला पाहिजे ना? आम्हाला ४०३ यायलंय. मार्गदर्शक म्हणतात कोड चुकलाय. दोन दिवस झाले, सापडेना.


पानचक्की, छत्रपती संभाजीनगर

कोड चुकलेला नाही, बाळा. ४०१ दिलं तर सोबत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट' हे हेडर द्यावंच लागतं, म्हणजे ओळख कशी पटवायची ते सांगावं लागतं. जँगो रेस्ट फ्रेमवर्क तुमच्या यादीतल्या पहिल्या ऑथेंटिकेशन वर्गाला विचारतं, हे हेडर आहे का. तिथं सेशन ऑथेंटिकेशन पहिलं असेल तर त्याच्याकडे ते नसतं, म्हणून उत्तर ४०३ होतं. टोकन ऑथेंटिकेशन यादीत पहिलं टाक, ४०१ मिळेल.

अर्थ असा लक्षात ठेव: ४०१ म्हणजे "तू कोण ते कळलं नाही", ४०३ म्हणजे "तू कोण ते कळलं, पण हे तुझ्यासाठी नाही".


परभणीकर विद्यार्थी

झालं सर! यादीत सेशनच पहिलं होतं. खूप धन्यवाद.


बालाघाट, अंबाजोगाई

याच ओघात मांजराकाठ यांना विचारतो. एका केंद्राच्या मापाड्याने दुसऱ्या केंद्राची पावती उघडायचा प्रयत्न केला तर काय देता? ४०३ दिलं तर "या क्रमांकाची पावती आहे" एवढं त्याला कळतंच. क्रमांक ओळीने असतील तर कुणीही मोजत बसून समोरच्या केंद्राची आवक काढेल. अशा ठिकाणी ४०४ द्यायला प्रमाणातच मुभा आहे. बाजारात आवकेचा अंदाज म्हणजे पैसा असतो, म्हणून मी तिथं ४०४ देतो.

उत्तराच्या आकाराबद्दल: स्वतःचा आकार शोधत बसू नका. 'प्रॉब्लेम डिटेल्स' नावाचं प्रमाण आहे, २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ म्हणून आलं आणि जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. पाच रकाने आहेत: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. आपले जादा रकाने घालता येतात. स्प्रिंगमध्ये ६ पासून यासाठी तयार वर्ग आहे, फास्टएपीआयमध्ये स्वतः लिहावं लागतं, पण ते वीसेक ओळींचं काम आहे.


मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टारलेटवाला बदल केला आणि ४०४ लगेच हँडलरमध्ये आलं. आता उत्तर असं जातंय, सोयीसाठी मराठीत लिहितो:

टाइप : वजन-अवैध
टायटल : पावती स्वीकारली नाही
स्टेटस : ४२२
डिटेल : वजन शून्यापेक्षा जास्त हवं
रकाना : वजन
पावती : मोबाइलने दिलेली खूण

ॲप 'टाइप' बघून मराठी वाक्य निवडतं आणि 'रकाना' बघून तोच चौकोन लाल करतं. ओळखीचा टाइप नसेल तर 'डिटेल' जसंच्या तसं दाखवतं.

हे शेवटचं मुद्दाम ठेवलंय. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, पण २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ पर्यंत सैल केली, तीही हंगाम चालू असताना. मर्यादा ॲपमध्ये कोरून ठेवली असती तर गावोगावच्या मोबाइलवर नवं ॲप चढवेपर्यंत मापाडी चांगला माल परत पाठवत बसले असते. म्हणून मर्यादा सर्व्हरवर, आणि आकडा सर्व्हरच्याच वाक्यात.

देवनागरी आकड्यांचं तर सोपं निघालं. पायथनचं फ्लोट देवनागरी आकडे मुळातच ओळखतं, माझा पॅटर्नच आडवा येत होता. तो काढला, वजन आधी मजकूर म्हणून घेतो आणि फ्लोटमधून काढतो.

आता दोन प्रश्न उरलेत. पावती सर्व्हरवर पोचली पण उत्तर यायच्या आत रेंज गेली, तर ॲप तीच पावती पुन्हा पाठवतं. तेव्हा ४०९ (आधीच्या नोंदीशी विरोध) देऊ का? आणि ओलावा जास्त असेल तर ४२२ योग्य की ४००?


दुधना, जालना

पॅटर्न काढलात तिथं थांबा जरा. पायथनचं फ्लोट 'नॅन' (आकडाच नाही) आणि 'इन्फिनिटी' (अनंत) हे शब्दही आकडा म्हणून घेतं. नॅन कुठल्याही आकड्यापेक्षा लहान, मोठा किंवा समान आहे का विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. तुमची तपासणी "वजन शून्य किंवा कमी असेल तर नाकारा" अशी असेल तर नॅन त्यातून सरळ आत जाईल. "शून्यापेक्षा जास्त आणि काट्याच्या क्षमतेपेक्षा कमी असेल तरच घ्या" असं उलट लिहा, मग अडेल.

दुबार पावतीचं सांगते. मोबाइलची खूण आणि आतला मजकूर दोन्ही तेच असेल तर ती चूक नाहीच, पहिल्या वेळचंच उत्तर पुन्हा द्या, २००. मोबाइलला फक्त "पोचली" एवढंच ऐकायचं असतं. खूण तीच पण वजन वेगळं असेल तेव्हा ४०९, कारण आता दोन नोंदी भांडायल्यात आणि कुणीतरी माणसाने ठरवावं लागेल.


बालाघाट, अंबाजोगाई

ताईंशी सहमत. ४०० की ४२२ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी घालत नाही. जेसनच मोडकं असेल तर ४००, जेसन नीट आहे पण आतली किंमत चालत नाही तर ४२२. जँगो रेस्ट फ्रेमवर्क दोन्हीला ४०० देतं आणि त्याने कुणाचं अडत नाही. एका प्रकल्पात एकच पद्धत पाळा, बस.

याहून मोठी गोष्ट कुणी बोललं नाही, ती बोलतो. फास्टएपीआयच्या सध्याच्या आवृत्त्यांत तपासणीच्या चुकीच्या यादीत 'इनपुट' रकाना असतो, म्हणजे समोरच्याने जे पाठवलं तेच परत. शेतकऱ्याचा खातेक्रमांक एक अंक कमी टाकला गेला तर तो जवळजवळ पूर्ण क्रमांक उत्तरात येतो आणि तुम्ही उत्तरं लॉगमध्ये ठेवत असाल तर तिथंही राहतो. आधारचं तेच. तुमच्या नव्या आकारात 'इनपुट' दिसत नाही, चांगलं केलंत. पण जुने लॉग तपासा. आजच.


मांजराकाठ, लातूर

तपासले. होते. चौदा ओळींमध्ये खातेक्रमांक सापडले, पुसले, आणि कंपनीच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं. त्यांना सांगणं माझं कर्तव्यच होतं. आता लॉगमध्ये फक्त टाइप, रकाना आणि पावतीची खूण जाते.

नॅनची तपासणीही उलटी करून घेतली, ताई. वर काट्याच्या क्षमतेची मर्यादा लावली.


गोदाकाठ, नांदेड

मी काल आमच्या ग्राहकाच्या सर्व्हरवर ती इंटरसेप्टची सेटिंग पाहिली. चालू होती. एपीआयच्या पत्त्यांसाठी बंद करून घेतली. जुन्या पत्त्यांना हात लावत नाही, त्यावर जुनी ॲप्स चालू आहेत. नव्या आवृत्तीत मात्र खरे आकडे देणार.

एक विचारतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळी केंद्रं एकदम रेंजमध्ये येतात आणि आमचा सर्व्हर ४२९ द्यायला लागतो. रिट्राय-आफ्टर (किती वेळाने पुन्हा यायचं) ६० सेकंद देतो. साठ सेकंदांनी सगळे पुन्हा एकदम येतात.


दुधना, जालना

मग सगळ्यांना सारखेच साठ का देता? ४५ ते ९० मधला कुठलाही आकडा प्रत्येकाला वेगळा द्या. किंवा ॲपमध्ये मिळालेल्या वेळेत थोडे यादृच्छिक सेकंद मिळवा. मी दोन्ही करते. आणि त्या वेळी मापाड्याला लाल काही दाखवू नका, त्याचं काही चुकलेलं नाही. "रांगेत आहे" एवढंच.


मांजराकाठ, लातूर

कालची बातमी. मामांनी घाईत एका पावतीत वजनाच्या रकान्यात ओलावा आणि ओलाव्याच्या रकान्यात वजन टाकलं. सर्व्हरने ४२२ दिलं, ओलाव्याचा चौकोन लाल झाला, वर वाक्य आलं, "ओलावा १०० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही". मागच्या अकरा पावत्या तेवढ्यात वर निघून गेल्या. मामांनी आकडे बदलले, पुन्हा पाठवलं, शेतकऱ्याच्या हातात पट्टी दिली. मला फोन आला नाही. सकाळी लॉगमध्ये दिसलं, ४२२ आणि दोन मिनिटांनी २०१ (नोंद झाली).

दुपारी मीच मामांना फोन करून विचारलं, काही अडचण आली का. म्हणाले, "अडचण काय नाही. त्या लाल डब्यातलं अक्षर तेवढं मोठं कर बाबा, उन्हात दिसंना." आज तेच करायला बसलोय.